जाताना तापणारी गाडी

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मरोळचा चढ लागला की धाकूची नजर रस्त्यावरून डॅशबोर्डवर जायची. तिथल्या घड्याळांपैकी एक इंजिनातल्या पाण्याचा ताप दाखवायचं. सकाळी वेसाव्याहून निघताना त्याचा काटा डावीकडे, थंड बाजूला पडून असायचा. अंधेरी ओलांडेपर्यंत तो मध्यावर यायचा आणि चढाच्या माथ्यावर लाल पट्ट्यात जाऊन टेकायचा. मग धाकू गाडी कडेला घ्यायचा, चावी बंद करायचा, बॉनेट उघडायचा आणि शेजारी बसलेल्या दोघींचं बोलणं खात उभा राहायचा.

१९६८ सालचा ऑक्टोबर होता. दसरा होऊन गेला होता आणि ऊन चढत होतं. गाडी म्हणजे एक जुनी स्टेशन वॅगन. वनमाला आणि शेवंती या वेसाव्याच्या दोन कोळणींनी ती भागीत घेतली होती. मागची सीट काढून तिथे पत्रा ठोकला होता आणि पत्र्यावर माशांच्या पाट्या रचल्या जात. पापलेट, बोंबील, कोळंबी, जे मिळेल ते घेऊन दोघी रोज सकाळी मुलुंडच्या बाजारात बसत. त्याआधी त्या ट्रकवाल्याच्या मर्जीवर होत्या. ट्रक आला तर आला, नाहीतर माल वेसाव्यातच पडेल त्या भावाला द्यायचा. वॅगन आल्यापासून मुलुंडचं गिऱ्हाईक बांधलं गेलं होतं. आता मात्र गाडी रोज मरोळला बसकण मारत होती आणि गिऱ्हाईक दुसऱ्या ओट्याकडे वळत होतं.

धाकू वनमालाचा धाकटा दीर. तो ड्रायव्हर झाला त्याला कारण होतं. त्याला बोट लागायची. वेसाव्याची खाडी सोडून होडी जरा बाहेर पडली की त्याचा चेहरा पिवळा व्हायचा आणि पोटातलं सगळं बाहेर यायचं. बाप, आजा, भाऊ सगळे दर्यावर वाढलेले. याला मात्र तीन हंगामांत दर्या मानवला नाही. “अख्ख्या वेसाव्यात बोट लागनारा कोळी एकच,” असं शेवंती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धाकूने ते निमूट ऐकलं आणि लायसन काढलं. गाडीत त्याला कधी काही लागलं नाही. स्टिअरिंग हातात आलं तेव्हापासून तो माणसात आला, असं वनमाला म्हणायची.

पण वनमालाच्या नवऱ्याला, तुळशीदासला, बोटीवर एक खलाशी कमी पडत होता. जुना खलाशी गावी निघून गेला होता. तुळशीदासने आदल्या दिवशी जेवताना सरळ सांगितलं, “तुमची गाडी मेलेलीच हाय. इकून टाका. उद्या रातच्या भरतीला धाकू माझ्यासंगट येतंय. वकला तर वकला. चार दिवस वकंल, मग सुधरंल.”

धाकूने भात तसाच ठेवून हात धुतले होते.

आजच्या दिवसावर सगळं होतं. आणि आजही गाडी मरोळला तापली. मुलुंडला पोचेपर्यंत बाजार अर्धा उठून गेला होता. उरलेला माल तसाच बर्फात घालून दोघी परत निघाल्या. एरवी येताना गाडी कधी तापत नसे. पाट्या रिकाम्या, गाडी हलकी. आज कुर्ला ओलांडलं आणि काटा पुन्हा वर चढू लागला. साकीनाक्याला तो लाल पट्ट्यात शिरला.

“आता येताना पन?” शेवंती म्हणाली.

वनमालाने काट्याकडे पाहिलं, मग धाकूकडे पाहिलं. “मेस्त्रीकडे घे,” ती म्हणाली. “झालं आता.”

रामचंद्र मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे साकीनाक्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड आणि पुढे वडाची सावली. माणूस मालवणचा. गिरणीत मशीनखात्यात होता, तिथून बाहेर पडून इथे बसला होता. मागच्या आठवड्यात त्याने वॅगन वरवर पाहून हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचं पॅकिंग, गेलं असणार, असं सांगितलं होतं. इंजिन खोलावं लागेल, आणि खोलल्यावर आणखी काय निघेल ते सांगता येत नाही. तेव्हाच दोघींनी मनातून गाडी सोडली होती. भंगारवालाही रामचंद्रच्याच ओळखीचा, पलीकडच्या गल्लीतला.

“मेस्त्री, तुमच्या त्या भंगारवाल्याला निरोप धाडा,” वनमाला उतरता उतरता म्हणाली. “आज हलकी गाडी पन तापली. हिला आता ठेवायची नाय.”

रामचंद्र हाताला तेल पुसत उठला. “तो जेवून येतो म्हणालाय. सकाळीच भेटला.” मग तो थांबला. “हलकी? हलकी कशी तापली?”

“तुमीच म्हनालात ना हेड गेलंय.”

“म्हणालो. पण तेव्हा तुम्ही काय सांगितलंत माका? जाताना तापते, येताना तापत नाही. मी म्हटलं, जाताना भरलेली असते, दम लागतो. येताना रिकामी, म्हणून निभावते. आता रिकामीपण तापली तर माझा हिशोब चुकला.”

“रिकामी नाय, थोडा माल हाय,” शेवंती म्हणाली. “तुमाला पापलेट काढून ठेवलंय.”

“पापलेट मगे बघू. धाकू, बॉनेट खोल.”

धाकूने बॉनेट उचलून काठी लावली. रामचंद्रने आधी तेलाची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली आणि उजेडात धरली. गॅस्केट फुटलं की पाणी तेलात शिरतं आणि तेल ताकासारखं होतं. हे तेल काळं होतं, पण स्वच्छ होतं. त्याने धाकूला विचारलं, “पाणी किती वेळा भरतंस?”

“रोज बघतो. भरावं लागत नाय. होतं तितकंच असतं.”

“गोडं पाणी ना? खाडीचं नाय ना?”

“काय मेस्त्री! नळाचं.”

“मागून पांढरा धूर?”

“नाय.”

रामचंद्रने तेलाची पट्टी परत आत सारली. पाणी कमी होत नाही, तेल खराब नाही, धूर नाही. मग हेड कसलं गेलं? हे तीन प्रश्न त्याने मागच्या आठवड्यातच विचारायला हवे होते. त्याने ते तोंडाने कबूल केलं नाही, पण मान खाजवली.

“पहिल्यांदा कधी तापली?”

“गणपतीत,” धाकू म्हणाला. “तेव्हा पट्टा सैल झालेला. पंख्याचा. तुमीच ताणून दिलात.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर रोजच तापते.”

रामचंद्रने पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला. तो हवा तेवढाच दबला. त्याने वाकून इंजिनाच्या माथ्याकडे हात नेला आणि हात मध्येच थांबवला. माथ्यावर एक ओलं गोणपाट चारपदरी घडी करून व्यवस्थित बसवलेलं होतं. त्याच्या कडेने पाण्याचे थेंब इंजिनावरून खाली चालले होते.

“ह्यां काय?”

“पट्टी,” वनमाला म्हणाली.

“कसली पट्टी?”

“आता मानसाला ताप आला की आपन काय करतो? मिठाच्या पान्याची पट्टी ठेवतो ना कपाळावर? तशी.” वनमालाला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. “गनपतीत तापली तेव्हा मीच म्हटलं याला, आपल्याकडे बर्फ हाय, मीठ हाय, डोक्यावर ठेव. उतरला ना ताप तेव्हा! तेव्हापासून रोज सकाळी निघताना मीच घडी करून ठेवते. आधीच ठेवली तर तापनारच नाय, म्हनून.”

“मीठ घालून?”

“माशाचाच बर्फ तो. त्यात जाडं मीठ असतंच. वरून मूठभर आनखी.”

“वैनीच्या पट्टीवर चाललीये गाडी इतके दिवस,” धाकू म्हणाला. तो खरोखर मानत होता तसं. “ती नसती तर हिचं इंजिन कधीच जाम झालं असतं.”

“आणि येताना?” रामचंद्रने विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता. “येताना पट्टी असते?”

“येताना कुठला बर्फ? मुलुंडला संपतो. गोनपाट वाळायला मागे टाकतो.”

“आज?”

“आज बर्फ उरला. म्हटलं बापडीला येताना पन ठेवू.”

रामचंद्रने गोणपाट दोन बोटांनी उचललं आणि बाजूला टाकलं. त्याखाली, इंजिनाच्या हेडच्या पुढच्या अंगाला, नटासारखा दिसणारा एक पितळी तुकडा पाण्याच्या मार्गात बसवलेला होता. त्याच्या टोकातून एक वायर निघून डॅशबोर्डकडे गेली होती. गॅरेजवाले त्याला टेंपरेचरचा बल्ब म्हणत. आत पाण्यात बुडालेलं त्याचं नाक जसं तापेल तसा वरचा काटा हलतो. या बल्बचं डोकं आता दिसतच नव्हतं. त्यावर पांढरी-हिरवी खपली चढली होती आणि ती ओली होती.

शेवंती पुढे वाकली. तिने करंगळीचं टोक खपलीला लावलं आणि जिभेवर टेकवलं.

“मीठ,” ती म्हणाली. “आपलंच.”

“सगळ्यांनी मागे व्हा,” रामचंद्र म्हणाला. “धाकू, आत बस. इंजिन चालू नको करू, फक्त चावी फिरव. काटा कुठे हाय?”

“लालमध्ये.”

रामचंद्रने बल्बवरची वायर उपटली. “आता?”

धाकू काट्याकडे बघतच राहिला.

“अरे बोल मेल्या! काटा कुठे?”

“पडला. थंडावर पडला.”

“बरं.” रामचंद्रने वायरचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. “आता?”

“वर चालला… लालच्या पन पलीकडे गेला, मेस्त्री.”

“काढलं. आता?”

“परत पडला.”

रामचंद्र सरळ उभा राहिला. “म्हणजे घड्याळ बरं हाय आणि वायरपण बरी हाय. वायर लोखंडाला लागली की घड्याळाला वाटतं गाडी पेटली. मिठाचं पाणी बल्बच्या टोकावरून लोखंडावर उतरलं की तेच होणार. वायर टेकवल्यासारखंच ते.” त्याने वनमालाकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही पट्टी ठेवायचात, बर्फ मरोळपर्यंत वितळायचा, खारं पाणी ह्याच्यावर गळायचं आणि काटा चढायचा. काटा चढला की तुम्ही आणखी पट्टी ठेवायचात.”

वनमाला तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

“पन मग खरोखर तापलीच नाय?” धाकूने आतून विचारलं. त्याने अजून चावीवरचा हात काढला नव्हता.

“तेच बघायचंय. घाई करू नको. मागच्या टायमाला मी घाई केली.”

त्याने रेडिएटरच्या झाकणावर जाडं फडकं टाकलं आणि तोंड बाजूला करून झाकण थोडं फिरवलं. खरंच उकळणारी गाडी असती तर वाफेचा लोट उठला असता. थोडीशी फुस्स झाली, बस. त्याने झाकण काढलं. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, कढत, पण उकळी नाही. मग बोटांनी साधं पाणी घेऊन त्याने इंजिनाच्या माथ्यावर शिंपडलं. थेंब तिथे बसले आणि हळूहळू आटले. एकही तडतडला नाही.

“नीट चाललेली गाडी जेवढी तापते, तेवढीच हाय ही,” तो म्हणाला.

“मग पट्टी काढून टाकली की झालं ना?” शेवंतीने विचारलं. “पुसून घ्या नि लावा परत.”

“पुसून बघतो. पण मीठ आत शिरलं असेल तर नाय चालणार.”

थोडा वेळ थांबून, गाडी निवू देऊन, त्याने खालची तोटी सोडली आणि बादलीत थोडं पाणी काढून घेतलं, म्हणजे बल्ब सुटल्यावर भोकातून कारंजं उडायला नको. पान्याने बल्ब पहिल्यांदा हलेना. त्याने घासलेट सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. बल्ब कुरकुरत सुटला. रामचंद्रने तो तारेच्या ब्रशने घासला, फडक्याने कोरडा केला आणि उन्हात धरून पाहिला. टोकाभोवतीचं काळं पॅकिंग कुजून भेगाळलेलं होतं आणि भेगांत ओलं मीठ शिरलेलं होतं.

धाकूला शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पाठवून त्याने तशाच आट्यांचा नवा बल्ब मागवला. धाकूने तो खिशात न ठेवता मुठीत घट्ट धरून आणला. तोपर्यंत रामचंद्रने चहाचा स्टोव्ह बाहेर काढून गाडीजवळ मांडला होता आणि चहाचं पातेलं धुतलं होतं.

“आता चहा करताय?” वनमालाने विचारलं. तिचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडे होतं. भंगारवाला केव्हाही आला असता.

“चहा नंतर. आधी या दोघांची परीक्षा.” त्याने जुन्या बल्बच्या टोकाला गाडीची वायर लांबवून जोडली, बल्बच्या अंगाला दुसरी तार गुंडाळून ती इंजिनाला बांधली. “शेवंतीबाय, बर्फ आणा. पातेलंभर. नुसतं नाक बुडवायचं हां. टोक भिजवलंत तर परत तोच घोळ.”

शेवंतीने पाटीतला बर्फ ओंजळीने पातेल्यात टाकला आणि त्यात बल्बचं नाक खुपसून धरलं. तिची बोटं बर्फाला सरावलेली होती. तिचा हात हलला नाही.

“धाकू, चावी!”

धाकूने चावी फिरवली. मग आतून त्याचं हसू ऐकू आलं. पहिल्यांदा बारीक, मग मोठं, आवरता न येणारं.

“काय झालं रं?” वनमाला ओरडली.

“लाल! वैनी, बर्फात बसलाय नि लाल दाखवतंय!”

वनमाला दाराशी धावली आणि तिने स्वतः डोकं आत घालून पाहिलं. काटा लाल पट्ट्यात ठाम टेकला होता. तिने मान वळवून शेवंतीच्या हातातलं बर्फाचं पातेलं पाहिलं, परत काटा पाहिला.

“अगो बाय, बर्फात बसून याला ताप भरलाय!”

“सोंगाड्या!” शेवंती बल्बला म्हणाली. “आमी तुझ्या पायी गाडी इकायला काढली नि तू बर्फात बसून कन्हतोस?”

रामचंद्रही हसत होता, पण त्याचे हात चालू होते. त्याने जुना सोडवून नवा बल्ब जोडला. नव्याचं नाक बर्फात घातलं तेव्हा काटा डावीकडे, अगदी तळाशी पडून राहिला. त्याने पातेलं स्टोव्हवर ठेवलं. बर्फ विरघळला, पाणी कोमट झालं. धाकू आतून सांगत होता, “हलला… थोडा वर… मध्याच्या अलीकडे…” बुडबुडे तळातून सुटायला लागले तसा काटा मध्यावरून पुढे गेला, आणि खळखळून उकळी आली तेव्हा लाल पट्ट्यात शिरला. स्टोव्ह बंद केला, तसा तो सावकाश मागे यायला लागला.

“हा खरा बोलतो,” रामचंद्र म्हणाला.

तेवढ्यात भंगारवाला आला. मागे त्याची हातगाडी होती, हातगाडीवर तुटक्या लोखंडी पट्ट्या आणि गंजलेली दोन चाकं. दात कोरत त्याने वॅगनभोवती एक फेरी घातली, टायरला पाय लावला आणि रामचंद्रला म्हणाला, “इंजिन गेलंय म्हणालास ना? मग बॉनेट खोलून चहा काय उकळतोयस?”

“जरा थांब.”

“थांब कशाला? माल बघितला, पसंत हाय. चावी द्या बाई.”

वनमालाने त्याच्याकडे पाठ केली. तिने रामचंद्रला विचारलं, “मेस्त्री, एक सांगा. खरं सांगा. उद्या सकाळी पाट्या भरून मरोळ चढंल?”

“चढायला पाहिजे.”

“पाहिजे नको. चढंल का? धाकूला आज मी घरी नेऊन काय सांगू? भरतीला जा, की गाडी काढ? उद्या सकाळी मरोळला परत बसली तर ह्याचा भाऊ माझं एक ऐकनार नाय.”

रामचंद्रने नवा बल्ब हातात घेतला. तांब्याचं वायसर घालून त्याने तो हाताने फिरवत बसवला, मग पान्याने बेताने आवळला. पितळ मऊ असतं, जोर केला तर आटे जातात. वायर लावली. बादलीतलं पाणी परत रेडिएटरात ओतलं, वर नळाचं घालून भरलं, झाकण लावलं. मग इंजिनाचा सगळा पुढचा भाग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून काढला. मिठाचा कण ठेवला नाही.

“भरलेली हवी ना तुम्हाला?” तो म्हणाला. “भरू.” आणि भंगारवाल्याकडे वळला. “तुझं ते लोखंड कुठे न्यायचंय?”

“मरोळला. भट्टीवाल्याकडे.”

“टाक गाडीत.”

“कुणाच्या?”

“ह्या मेलेल्या गाडीत. फुकट पोचवतो. वर चढली तर गाडी यांची. नाय चढली तर तुझी.”

भंगारवाल्याला हा सौदा कुठूनही तोट्याचा दिसेना. त्याने आणि रामचंद्रने मिळून लोखंड पत्र्यावर चढवलं. वॅगनचा मागचा भाग स्प्रिंगांवर दबला. त्यावर भंगारवाला स्वतः चढून बसला, माशांच्या पाट्यांना गुडघे लावून. रामचंद्र त्याच्यासमोर, एका गंजक्या चाकावर. पुढे नेहमीप्रमाणे दोघी आणि धाकू.

“रोजच्यापेक्षा जड हाय,” धाकू हळूच म्हणाला.

“मग बरंच हाय,” वनमाला म्हणाली. “चल.”

गोणपाट मागे वडाखाली पडलेलं होतं. निघताना वनमालाचा हात सवयीने त्याच्याकडे गेला. शेवंतीने तो मनगटाला धरून मागे आणला.

रस्त्यावर ऊन खडखडीत होतं. धाकू रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होता, म्हणून शेवंतीने शेवटी पदर डॅशबोर्डवर टाकून घड्याळ झाकलं. “तू गाडी चालव. काटा आमी बघतो.” मग ती आणि वनमाला आळीपाळीने पदर उचलून बघू लागल्या.

“कुठाय?”

“अर्ध्याच्या अलीकडे.”

“आता?”

“तिथंच.”

साकीनाक्याकडून येताना मरोळचा चढ या बाजूने कमी खडा होता, म्हणून धाकू आपणहून माथा ओलांडून खाली अंधेरीच्या अंगाला उतरला, गाडी वळवली आणि रोजच्या बाजूने, रोजच्या गिअरमध्ये पुन्हा चढवली. इंजिन घरघरलं. मागे लोखंड घसरलं आणि भंगारवाल्याने शिवी दिली. माथ्यावर, जिथे ती रोज बसायची त्या जागेपाशी, वनमालाने पदर पुरता बाजूला केला.

काटा मध्यावर होता. जरासा थरथरत होता, पण मध्यावरच होता.

धाकूने गाडी थांबवली नाही. पुढे भट्टीवाल्याच्या दारात लोखंड उतरवलं तेव्हा भंगारवाल्याने बॉनेटवर थाप मारली. “माझं नशीब,” तो म्हणाला. “चांगली गाडी हातची गेली.” पण लोखंड फुकट पोचल्याने तो फारसा दुःखी नव्हता. रामचंद्र त्याच्याबरोबरच साकीनाक्याकडे परत निघाला. शेवंतीने पापलेटाबरोबर कोळंबीही बांधून दिली. त्याने हेडच्या गॅस्केटबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

“पट्टी नको हां परत,” जाताना तो एवढंच म्हणाला.

“आता मानसांनाच ठेवीन,” वनमाला म्हणाली.

अंधेरीच्या रेल्वे फाटकापाशी गेट पडलेलं होतं. पुढे ट्रक, मागे टांगा, बाजूला दुधाच्या सायकली. एरवी फाटक लागलं की धाकू आधी इंजिन बंद करायचा. उभ्या गाडीचा काटा त्याला बघवायचा नाही. आज त्याने चावीला हात लावला नाही. इंजिन एका लयीत चालत राहिलं. एक लोकल गेली, मग उलट बाजूने दुसरी गेली, तरी गेट उघडेना. उन्हाने बॉनेटवरची हवा हलताना दिसत होती. काटा मध्यापासून केसभर पुढे गेला आणि थांबला.

धाकूने पाठ सीटला टेकवली. गणपतीपासून या सीटवर त्याची पाठ टेकली नव्हती.

“भाऊ काय म्हनंल?” त्याने विचारलं.

“त्याला मी बघते.” वनमाला बाहेर बघत होती. “खलाशी मढला मिळतील, मनोरीला मिळतील. मरोळ चढवनारा मानूस कुठं मिळतो? आन पट्टी माझी होती. तुझा काय दोष होता त्यात? हे पन सांगते त्याला.”

“सगळं नको सांगू गो,” शेवंती म्हणाली. “बर्फातला ताप सांगितलास तर वेसाव्यात तोंड दाखवायला जागा राहनार नाय.”

“मग काय सांगू?”

“सांग, गाडीला बोट लागली होती. आता उतरली.”

धाकू इतक्या जोरात हसला की हॉर्नवर हात पडला आणि पुढचा ट्रकवाला खिडकीतून मागे वळून बघायला लागला. फाटक वर जायला लागलं. धाकूने पहिला गिअर टाकला आणि ट्रकच्या मागोमाग गाडी रुळांवरून पलीकडे घातली.

“उरलेल्या मालाचं काय करायचं?” त्याने विचारलं.

“सुकवायचं,” वनमाला म्हणाली. “आन उद्या लवकर निघायचं.”